कुलूप होतं तसं

चाळीस वर्षं चोऱ्या केल्या आणि एकाही पोलीस ठाण्यात ज्याच्या नावाची नोंद नाही, तो माणूस एक तर फार हुशार असला पाहिजे, नाही तर फार क्षुल्लक. अलगद स्वतःला हुशारांत धरायचा. खरं काय ते सांगू शकणारी जगात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्याची बायको. पण तिने ते कधी सांगितलं नाही. ती नुसती बघायची आणि पुन्हा आपल्या कामाला लागायची.

अलगद हे त्याचं टोपणनाव. हार्डवेअरच्या दुकानाशेजारी, जिन्याखालच्या तिरप्या जागेत तो किल्ल्या बनवायला बसे. एक फळी, फळीला घट्ट केलेला, किल्ली चिमटून धरणारा छोटा वाइस, चार कानशी, तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा आणि पितळेच्या भुशाने कायम पिवळी झालेली बोटं, एवढाच संसार. कुणाची किल्ली हरवली की त्याला घरी बोलवायचे. तो कुलपाला कान लावल्यासारखा खाली वाकायचा, दोन तारा आत सरकवायचा आणि मालकाचं पाणी पिऊन होण्याआधी कुलूप उघडायचा. कडीला चरा नाही, कुलपावर ओरखडा नाही. 'किती अलगद काढलं हो,' असं कुठल्याशा म्हातारीने कौतुकाने म्हटलं आणि तेच नाव त्याला चिकटलं.

त्याचा दुसरा धंदा याच बोलावण्यांवर चालायचा. कुठल्या घरात दुपारचं कुणी नसतं, कुणाची कपाटं उंच आहेत, कोण गावाला जातंय, हे किल्लीवाल्याला न विचारता कळतं. महिना दोन महिने जाऊ देऊन तो भर दुपारी त्या घरी जाई. रात्री चोरी करतात त्यांच्याबद्दल त्याचं मत फार वाईट होतं. आत गेल्यावर तो घर उपसायचा नाही. मागच्या कप्प्यातली एखादी अंगठी, वर्षातून एकदा निघणारं एखादं घड्याळ, एवढंच उचलायचा. आणि मग त्याच्या कामातला त्याचा सगळ्यात आवडता भाग यायचा. बाहेर येऊन तो कुलूप पुन्हा लावायचा, खिशातल्या रुमालाने पुसायचा आणि कुलूप आधी ज्या बाजूला कललेलं असेल त्याच बाजूला कलतं ठेवायचा. कुलूप होतं तसं. हे तीन शब्द तो मनात म्हणायचा आणि मगच जिना उतरायचा.

त्यामुळे व्हायचं काय, की चोरी झाली हेच मुळी घरच्यांना कित्येक दिवस कळायचं नाही. आणि कळायचं तेव्हा कुणी पोलिसांत जायचं नाही. दार शाबूत, कुलूप शाबूत, म्हणजे बाहेरचा माणूस आलाच नाही. मग उरलं कोण? कामवाली, नाही तर नवी सून, नाही तर शिकायला ठेवलेला भाचा. कुठे सुनेला माहेरी धाडलं जाई, कुठे बाईला कामावरून काढलं जाई, कुठे दोन सख्खे भाऊ बोलेनासे होत. अलगदच्या कानावर यातलं काही काही यायचं. त्याला वाटायचं, पाहा, आपलं काम किती सफाईचं. त्या सफाईला आणखीही एक नाव आहे, पण ते त्याला तेव्हा सुचत नव्हतं, आणि ते सुचण्याची त्याला घाईही नव्हती.

मग एकदा ते बालंट त्याच्याच घरात आलं. त्याची बायको एका दातांच्या डॉक्टरांकडे स्वयंपाकाला जायची. डॉक्टर सहकुटुंब आठ दिवसांसाठी परगावी निघाले आणि कुंड्यांना पाणी घालायला म्हणून एक किल्ली हिच्याकडे देऊन गेले. 'माझ्यावर केवढा विश्वास,' असं ती जेवताना सांगत होती. नवरा खाली मान घालून जेवत होता. त्याने तिची किल्ली घेतली नाही, तेवढं त्याने पाळलं. तो आपल्या तारा घेऊन गेला आणि कपाटातलं बायकी घड्याळ आणि दोन बांगड्या घेऊन आला. कुलूप होतं तसं.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंना पत्ता लागला. त्यांनी पोलिसांना बोलावलं नाही, उपकारच केले म्हणायचे. त्यांनी फक्त सगळे शेजारी जमले असताना जिन्यात हिची पिशवी उलटी केली. नऊ वर्षांची मुलगी त्या दिवशी आईबरोबर गेली होती. पिशवीतून डबा, कापडाची घडी आणि एक कंगवा पडला. कंगवा पायऱ्यांवरून खाली घरंगळत गेला तो मुलीने पळत जाऊन उचलून आणला. घरी आल्यावर बायको दारातच उभी राहिली आणि नवऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्याने कानस पुसायला घेतली. घड्याळ तोवर विकून झालं होतं. तिने त्याला एक अक्षर विचारलं नाही, आणि त्यानंतर किल्ली हाताळावी लागेल असं एकही काम धरलं नाही. एका खाणावळीत भांडी घासून घासून तिची बोटं सोलून निघाली. मुलगी बाविशीची असताना ती गेली.

अलगदनेही तेव्हा कानाला खडा लावला, पण कशासाठी, तर आपल्या माणसांच्या कामाच्या ठिकाणी पुन्हा हात मारायचा नाही म्हणून. बाकीच्यांचं जे व्हायचं ते होत राहिलं.

मुलीने त्या जिन्यातून एकच गोष्ट बरोबर आणली होती: माझी आई चोर नव्हती. ती हे ओरडून सांगत फिरली नाही. तिने ते जगून दाखवायचं ठरवलं. औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात ती पॅकिंगला लागली आणि थोड्याच वर्षांत भांडारप्रमुख झाली. एक खोका इकडचा तिकडे होऊ दिला नाही. गोदामाच्या बाजूच्या दाराच्या किल्ल्या दोन, एक मालकाकडे आणि एक हिच्याकडे. ती किल्ली दिवसा तिच्या गळ्यातल्या दोरीला असे आणि रात्री उशीखाली. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती परत आली तेव्हाही सामानाच्याही आधी तिने त्या किल्लीची जागा ठरवली. 'माझ्या आईला ज्या गोष्टीवरून बोल लावला ना बाबा, तीच मी मिरवणार,' असं ती एकदा म्हणाली होती. बाप तेव्हा गरम चहा फुंकून पीत होता. तो फुंकतच राहिला.

आता अलगद अडुसष्ट वर्षांचा झाला होता. राहायला दोन खोल्या, त्याही मुलीच्या. दोन्ही धंदे बसले होते. नव्या दारांना आकडे दाबायची कुलपं, कुठे अंगठा टेकवायचा, कुठे फोन दाखवायचा. जिन्याखाली बसून तो दिवसभर लोकांच्या चपला बघायचा. घरी लेक वेळेवर जेवायला वाढायची, डोळ्यांचे थेंब आणून द्यायची, चांगलं बोलायची. त्या चांगुलपणाखाली म्हातारा चोरासारखा राहायचा, म्हणजे होता तसाच.

अशात एक दिवस एक माणूस टपरीसमोर उभा राहिला. चाळिशीचा, शर्टाच्या बाहीची घडी इतकी धारदार की बोट कापावं. अलगदने मनातल्या मनात त्याला इस्त्री म्हणायला सुरुवात केली, आणि शेवटपर्यंत त्याला त्याचं दुसरं नाव कळलं नाही. इस्त्रीने फळीवर एक जड कुलूप ठेवलं, सात लिव्हरचं, आणि शेजारून चहा मागवला. चहा संपायच्या आत कुलूप उघडलं. इस्त्रीने ते उलटसुलट करून पाहिलं, भिंगाने पाहावं तसं, आणि कुठेही खूण दिसत नाही म्हटल्यावर हळूच म्हणाला,

"उस्ताद."

एवढ्यावर म्हातारा खलास. ही गोष्ट समजून घ्यायला हवी. गवयाला दाद मिळते, सुताराचा दरवाजा लोक हात फिरवून बघतात. याचं काम जितकं चांगलं, तितकं ते कुणालाच दिसणार नाही, असला धंदा. चाळीस वर्षांत त्याला एक प्रेक्षक मिळाला नव्हता. इस्त्रीने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवला आणि म्हातारा खुशीत चढला, वर बसून पाय हलवू लागला. जुनी कुलपं, जुन्या करामती, सगळं त्याने सांगून टाकलं. आठ दिवस रोज चहा झाला. त्या ओघात लेकीचंही सांगून झालं, की माझी मुलगी केवढं गोदाम सांभाळते, मालक डोळे मिटून किल्ली तिच्या हवाली करतो. इस्त्रीने मान डोलावली. त्यात त्याला नवीन काही नव्हतं हे अलगदला फार उशिरा समजलं.

पहिलं काम एका वकिलाच्या ऑफिसचं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दार उघडायचं, दोन माणसं आत जाणार, दहा मिनिटांत बाहेर येणार, मग दार होतं तसं. माणसांनी काहीही चोरलं नाही, फक्त एका फायलीचे फोटो काढले. अलगदला वाटलं, वा, चोरीसुद्धा नाही, किती सोपं. पुढच्या आठवड्यात हार्डवेअरवाल्याने पेपर वाचून दाखवला. त्याच वकिलाच्या एका खटल्यातल्या साक्षीदाराचे दोन्ही पाय कुणीतरी गुडघ्याखाली मोडून ठेवले होते. पत्ता गुप्त होता, तरी कुणाला कसा सापडला, असं पेपरवाल्याने विचारलं होतं.

संध्याकाळी इस्त्री आला तेव्हा म्हाताऱ्याने कसंबसं म्हटलं की मला हे जमायचं नाही, मी साधा माणूस आहे. इस्त्री रागावला नाही. त्याने फळीवरचा पितळेचा भुसा आपल्या बाहीला लागणार नाही असा बाजूला सारला.

"उस्ताद, तुम्ही कुलूप उघडलंत. पाय दुसऱ्यांनी मोडले. ज्याने त्याने आपापलं काम करावं. तुमच्या ताईच बघा ना, पावणेआठला घरातून निघतात, कोपऱ्यावरच्या बाकावर बसून बसची वाट बघतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

म्हाताऱ्याची पाचावर धारण बसली. ज्या मालकासाठी हे सगळं चालायचं त्याला इस्त्री 'वरचे' म्हणायचा, आणि वरच्यांचा आणखी कुठे कुठे हात आहे याची त्याने चार उदाहरणं अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी सांगितली. मग मुद्द्यावर आला. ताईंचं गोदाम. रविवारी दुपारी. आतली महागडी इंजेक्शनं बाहेर काढायची आणि अगदी तसेच खोके, तसंच लेबल, आत नुसतं मिठाचं पाणी, ते त्यांच्या जागी लावायचं. कुणाला महिनोन् महिने कळता कामा नये. म्हणून तर उस्ताद लागतात. किल्ली घरातच आहे, साबणाच्या वडीवर ठसा घेतलात तरी चालेल.

"तिच्या किल्लीला मी हात लावणार नाही," म्हातारा म्हणाला. "कुलूप मी माझ्या हाताने उघडीन."

हे म्हणताना त्याला आपण फार मोठं काही राखलं असं वाटलं. बायकोच्या वेळीही त्याने हेच राखलं होतं.

पण एक गोष्ट त्याला पक्की माहीत होती, आणि रविवार येईपर्यंतच्या आठ दिवसांत ती त्याच्या डोक्यातून हलली नाही. कुलूप शाबूत राहिलं, की बोट किल्लीवालीकडे जाणार. त्याच्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार? त्याचा उभा जन्म त्यावर चालला होता. आज नाही तर सहा महिन्यांनी पाणी भरलेली इंजेक्शनं उघडकीला येतील, आणि पुन्हा एकदा जिन्यात पिशवी उलटी होईल, या वेळी लेकीची. त्याला एकच उपाय दिसत होता. कुलूप फोडायचं. ठेचायचं, वाकवायचं, कोयंडा उपटून लोंबता ठेवायचा. म्हणजे शेंबडं पोरसुद्धा सांगेल की बाहेरचे चोर आले होते. माल त्याच दिवशी तपासला जाईल, पाणी कुणाच्या अंगात जाणार नाही, आणि लेक सुटेल. वरचे आपलं काय करायचं ते करोत. अडुसष्ट वर्षं झाली, आणखी कशाला जपायचं? जन्मात पहिल्यांदाच त्याने काहीतरी मोडायचं ठरवलं होतं. त्याने हात-दीडहात लांबीची लोखंडी पहार वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली, आणि आठ दिवस ती पिशवी जवळ घेऊन झोपला.

रविवारी दुपारी लेक केस धुऊन खिडकीत बसली होती. चष्म्याची दांडी सैल झालीय, नीट करून आणतो, असं सांगून तो निघाला. येताना स्वतःचे थेंब आणा, संपलेत, असं ती म्हणाली.

गोदामाच्या बाजूला जेमतेम एक गाडी जाईल एवढा बोळ होता. पावसाच्या पाइपाशेजारी दार, त्याचा तपकिरी रंग पापुद्र्यांनी निघालेला, आणि त्यावर ते कुलूप. कॅमेरा आणि रखवालदार दोन्ही पुढच्या शटरपाशी. कुलूप लेकीने लावलेलं होतं. सोळा वर्षं ती ते रोज लावत होती, आणि खात्री करायला दोनदा ओढून बघायची सवय तिला असणार, कारण त्याच्या बाहेरच्या कडेला तिच्या अंगठ्याएवढी जागा गुळगुळीत झाली होती. म्हाताऱ्याने ती पाहिली. पाहूनही तारा आत घातल्या.

कुलूप उघडलं. चार माणसं खोके आत नेत होती आणि हुबेहूब तसेच खोके बाहेर आणत होती, एकमेकांशी एक शब्द न बोलता. पाऊण तासात आटोपलं. इस्त्रीने दार ओढून घेतलं, कडी घातली आणि कुलूप म्हाताऱ्याच्या हातात दिलं.

"लावा. होतं तसं," म्हणाला, आणि बोळाच्या तोंडाशी उभ्या गाडीकडे गेला.

म्हातारा दारासमोर एकटा होता. पाठमोरा इस्त्री वीस पावलांवर. पिशवी खांद्याला, पिशवीत पहार. कुलूप कडीत अडकवायचं आणि घाव घालायचा. आवाज होईल, रखवालदार येईल, झालंच तर तेही बरं. त्याने हे शंभरदा मनात करून पाहिलं होतं. कुठल्या हाताने पहार काढायची तेसुद्धा ठरलं होतं.

आणि बोटांनी कुलूप लावलं. त्याने नव्हे, बोटांनी, असं तो नंतर स्वतःला सांगायचा. कुलूप कडीत गेलं, दाबलं गेलं, खिशातून रुमाल निघाला, पुसून झालं, आधी डाव्या बाजूला कललेलं होतं म्हणून डाव्या बाजूला कलतं करून झालं. तो दहा पावलं चालून गेला तेव्हा पिशवी खांद्याला जड लागली आणि त्याला आठवलं.

इथपर्यंत बोटांचा दोष म्हणू. पण तो थांबला होता. वळून त्याने दाराकडे पाहिलंसुद्धा. दहा पावलं मागे जायला किती वेळ लागतो? इस्त्री गाडीचं दार अदबीने उघडून उभा होता. "चला, उस्ताद," एवढंच म्हणाला. आणि म्हातारा गेला. बोटांचा दोष संपतो तिथे त्याच्या पायांचा सुरू होतो, आणि त्याबद्दल तो स्वतःशीही कधी बोलला नाही. पहार त्याने वाटेत नाल्यात टाकली. थेंब मात्र आठवणीने आणले.

तीन आठवडे काहीच झालं नाही. लेक रोज जायची, यायची, किल्ली उशीखाली ठेवायची. तो रोज स्वतःला सांगायचा की उद्या तिच्या कानावर घालू. उद्या सुट्टी आहे, आज ती दमलीय, परवा तिचं डोकं दुखत होतं. ती इंजेक्शनं ऑपरेशननंतर जखम चिघळू नये म्हणून देतात, हे तो घरात ऐकत आला होता. तरी उद्याचा परवा होत राहिला. मग एका इस्पितळात दोन रोगी दगावले, एक बाई आणि एक शाळामास्तर. डॉक्टरांनी इंजेक्शनं तपासायला पाठवली, त्यात पाणी निघालं, खोक्यांवरचे आकडे बघत बघत पोलीस गोदामात आले. माल पाहिला, दार पाहिलं. कुलूप काढून प्रयोगशाळेत पाठवलं, तिथून लेखी आलं की कुलपाशी कसलीही झटापट झालेली नाही. मालकाची किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये होती आणि मालक दोन महिने परदेशात. दुसरी किल्ली जिच्या गळ्यात होती तिला कामावरूनच गाडीत बसवून नेलं. पॅकिंगच्या सगळ्या बायका दारात येऊन बघत होत्या, असं हार्डवेअरवाल्याने येऊन सांगितलं.

अलगद टपरी तशीच टाकून ठाण्यावर गेला. आपल्या पायांनी ठाण्यात जायची त्याची ही पहिलीच वेळ. तपास अधिकारी पन्नाशीचा, दमलेला, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारा. त्याने म्हाताऱ्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हाताऱ्याने सगळं सांगितलं. इस्त्री, वकिलाचं ऑफिस, रविवार, खोके. अधिकाऱ्याने मधे तोडलं नाही. मग विचारलं, त्या माणसाचं नाव काय? माहीत नाही. गाडीचा नंबर? पाहिला नाही. वरचे म्हणजे कोण? ठाऊक नाही. तुम्हाला त्याच्याबरोबर कुणी पाहिलं? चहावाल्याने, पण येताना विचारलं तर चहावाला म्हणाला होता की इतकी माणसं येतात, कुणाला लक्षात ठेवायचं. आधी कधी पकडले गेला होतात? नाही. कधीच नाही?

"साहेब, मी चाळीस वर्षं चोऱ्या केल्यात," म्हातारा म्हणाला. आयुष्यात हे वाक्य तो पहिल्यांदा उच्चारत होता आणि समोरच्याने ते खरं मानावं म्हणून त्याचे हात जोडले गेले होते.

अधिकाऱ्याने शिपायाला नोंदी बघायला लावल्या. काही नाही. म्हाताऱ्याने घरं सांगितली, वर्षं सांगितली, अंगठ्या सांगितल्या. त्यांतल्या एकाही घरातून कधी तक्रार आलेली नव्हती. एका मोत्याच्या सराची तेवढी सापडली, पण ती केस कधीच निकाली निघाली होती, तिथल्या मोलकरणीने गुन्हा कबूल केला होता आणि ती शिक्षाही भोगून आली होती. म्हातारा म्हणाला की तो सर मी नेला. अधिकारी त्याच्याकडे कीव आल्यासारखा बघत होता.

"आजोबा, तुम्ही घरी जा. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. पोटच्या पोरीसाठी माणूस काय वाटेल ते कबूल करतो."

म्हातारा उठेना. तो म्हणाला, कुलूप द्या, उघडून दाखवतो. अधिकाऱ्याने नाही म्हटलं, तरी तो तेच तेच म्हणत राहिला. शेवटी कटकट मिटावी म्हणून त्याच कंपनीचं, त्याच मापाचं कुलूप बाजारातून मागवलं गेलं. त्याच वेळी जबाबावर सही घ्यायला लेकीला आतून आणलं. ती दारापाशी शिपाईबाईशेजारी उभी राहिली. गळ्यात दोरी नव्हती, तिथे मानेवर फिकट रेघ तेवढी दिसत होती. बापाकडे बघून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कशाला आलात? घरी जा. मी काही केलेलं नाही, मला काही होणार नाही."

अधिकाऱ्याने कुलूप टेबलावर ठेवलं. म्हाताऱ्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून दोन तारा काढल्या. बोटं कुलपाला लागताच आपलं काम करू लागली, ती त्यांची जुनी खोड. खोलीत पंख्याचा आवाज होता. एक लिव्हर, दुसरा, तिसरा. अधिकाऱ्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. शिपायाचा चहा हातात राहिला. कुलूप उघडलं. अधिकाऱ्याने ते उचलून भोकाच्या कडा पाहिल्या, नखाने चाचपल्या. एक खूण नव्हती.

म्हाताऱ्याने मान वर केली. आता यांना पटेल, असं त्याला वाटलं. आता लेक सुटेल.

"अस्सं," अधिकारी म्हणाला, आणि त्याचा आवाज बदललेला होता. "म्हणजे माल कुठे काय आहे ते हिला ठाऊक, आणि हात तुझा. एकाच छपराखाली. मी तिला एकटीच धरून चाललो होतो. एवढे खोके एकटी बाई कशी हलवील, हेच माझ्या डोक्यात बसत नव्हतं. बरं झालं आलास."

म्हाताऱ्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. नाही, नाही, तिला काही माहीत नव्हतं, मी तिच्या किल्लीला हातसुद्धा लावला नाही, असं तो सांगू लागला. कुणी ऐकत नव्हतं. अधिकारी लिहीत होता. लेक मात्र त्याच्याकडे बघत नव्हती की अधिकाऱ्याकडे. ती टेबलावरच्या उघड्या कुलपाकडे बघत होती.

"त्या दातांच्या डॉक्टरांच्या कुलपावरही ओरखडा नव्हता," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने तारा मुठीत लपवल्या.

"बाबा, ते तुम्ही होतात?"

त्याने खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. जन्मभर त्याला इतकी सोपी गोष्ट कधी जड गेली नव्हती. उत्तर मिळाल्यासारखी ती अगदी हळू आवाजात, नऊ वर्षांची असल्यासारखी, म्हणाली,

"आईला माहीत होतं?"

त्याने मान हलवली. हो.

तिने भिंतीला हात टेकला. एकोणतीस वर्षं तिने जे उराशी धरून ठेवलं होतं, ज्याच्या जोरावर ती ताठ चालली, नवऱ्याला सोडून आली, सोळा वर्षं एका किल्लीला जपत राहिली, त्यातली आई तेवढी खरी निघाली. आई चोर नव्हतीच. चोर घरात जेवत होता, आणि आईने त्याला वाढलं होतं, नंतर हिनेही वाढलं. "मला आत न्या," ती शिपाईबाईला म्हणाली. जाताना तिने मागे पाहिलं नाही. तिच्या आईने निदान बराच वेळ बघितलं तरी होतं.

अधिकाऱ्याने लिहिणं संपवलं आणि कागद म्हाताऱ्यापुढे सरकवला, इथे सही कर म्हणून. म्हातारा दारातल्या रिकाम्या जागेकडे बघत होता. त्याच्या बोटांनी टेबलावरचं कुलूप जवळ ओढलं, दाबून बंद केलं, बाहीने पुसलं आणि आधी होतं तसं डाव्या बाजूला कलतं करून ठेवलं.

"आता ते बंद कशाला केलंस?" अधिकाऱ्याने विचारलं.

म्हाताऱ्याने कुलपाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"सवय आहे," तो म्हणाला.